बरे वाटले, म्हणून थांबवलेली गोळी

औशाहून लातूर जेमतेम वीस किलोमीटर. किल्लारीहून निघायचे तर चाळीसेक. तालुक्यात कोणाला मनोविकारतज्ज्ञाला किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरला दाखवायचे झाले, तर वाट बहुधा लातूरलाच जाते. पहिल्या खेपेला घरचे दोघे सोबत असतात. दुसऱ्या खेपेला एकच. तिसऱ्या खेपेची तारीख नेमकी सोयाबीनच्या काढणीत येते. तोवर रुग्णाला झोप लागू लागलेली असते, जेवण जात असते, ओट्यावर बसून तो शेजाऱ्याशी चार शब्द बोलत असतो. ‘बरं झालंय की आता, कशाला उगं गोळ्या?’ असे कोणीतरी म्हणते आणि गोळ्यांचे पाकीट कपाटावर जाते. दोन-चार महिन्यांनी आजार परततो, बहुतेकदा पूर्वीपेक्षा जोरात. मग निष्कर्ष निघतो, की गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला होता, म्हणून तर बरे वाटले होते. घोटाळा आहे तो ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ या दोन गोष्टी एकच मानण्यात. तापाच्या किंवा अंगदुखीच्या गोळीने ही सवय लावली आहे: दुखले की घ्यायची, थांबले की सोडायची. मेंदूवर काम करणाऱ्या औषधांना हा हिशेब लागू पडत नाही. का पडत नाही, हे समजायचे तर ही औषधे मेंदूत करतात काय, तिथपर्यंत जावे लागेल.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. निरोप एका पेशीतून दुसरीकडे जातो तो या फटीत सोडलेल्या रसायनांच्या मार्फत. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनलिन, गाबा, ग्लुटामेट ही त्यांतली काही नावे. पलीकडच्या पेशीवर हे रसायन ओळखणारी ग्राहके असतात, कुलपात किल्ली बसावी तशी. निरोप पोहोचला की उरलेले रसायन पहिली पेशी परत ओढून घेते किंवा ते तिथेच मोडले जाते. मेंदूवरची बहुतेक औषधे या प्रवासात कुठेतरी हात घालतात. कोणी रसायन परत ओढले जाऊ देत नाही, कोणी कुलपात खोटी किल्ली घालून जागा अडवते, कोणी ग्राहक अधिक संवेदनशील करते, कोणी पेशीतून विजेसारखी धावणारी लहरच सौम्य करते.

नैराश्यावर सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटॅलोप्रॅम या गोळ्या पहिल्या प्रकारच्या. सेरोटोनिन परत ओढण्याचे काम त्या रोखतात आणि हे काम गोळी घेतल्यापासून काही तासांत सुरू होते. तरीही मन हलके व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. रसायन पहिल्याच दिवशी वाढले, मग माणूस पहिल्याच दिवशी का सुधारत नाही? कारण वाढलेल्या रसायनाला मेंदू हळूहळू जुळवून घेतो. ग्राहकांची संख्या आणि संवेदनशीलता बदलते, पेशींमधील जोडण्या बदलतात. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मृगाचा पाऊस पडला म्हणून दुसऱ्या दिवशी विहिरीला पाणी चढत नाही. ते जमिनीत मुरावे लागते. आणि विहीर भरलेली दिसते म्हणून पुढच्या पावसाची गरज संपली, असेही कोणी म्हणत नाही.

यातली गैरसोय अशी, की फायदा उशिरा येतो आणि त्रास आधी येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, बेचैनी, झोपेत बिघाड हे सगळे होऊ शकते. तरुण रुग्णांच्या मनात सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येचे विचार बळावू शकतात, म्हणून या काळात घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते. डॉक्टरने हे पहिल्या भेटीत दोन मिनिटे देऊन सांगितले, तर कितीतरी गोळ्या दहाव्या दिवशी उकिरड्यावर जाणार नाहीत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती दोन मिनिटे मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडले की नैराश्य येते’ हे वाक्य गेली अनेक वर्षे सर्रास ऐकवले गेले. ते फार सोपे करून सांगितलेले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशा थेट संबंधाचा सातत्यपूर्ण पुरावा सापडला नाही. त्यावरून ‘गोळ्या खोट्या’ अशी आवई समाजमाध्यमांवर उठली. पण पॅरासिटामॉलची कमतरता झाली म्हणून कोणाला ताप येत नाही, तरी पॅरासिटामॉलने ताप उतरतो. औषध चालते की नाही, हे चाचण्यांवरून ठरते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित हिशेब छापला. ती सगळी औषधे प्रौढांमध्ये बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. सरस, पण जादूची नव्हेत. सौम्य नैराश्यात समुपदेशन आधी आणि गोळी नंतर, हाच क्रम योग्य मानला जातो.

मेंदूच्या रसायनशास्त्राची सगळी गोष्ट परदेशातून आली, असा एक समज आहे. तिचा एक महत्त्वाचा धागा भारतातला आहे आणि तो मुंबईतून जातो. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते, असे लिहिले. त्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. दोन वर्षांत न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना देऊ लागले आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेले काही रुग्ण शांत झाले. १९५७ मध्ये वकील आणि क्लाइन दोघांनाही अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येऊ लागली. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे हालचाल न करता पडून राहिले. रेसर्पिन मज्जापेशींतील सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन आणि डोपामिनचे साठे रिकामे करते, हे तोवर उलगडत होते. कार्लसन यांनी त्या सशांना लेव्होडोपा टोचले आणि ससे थोड्याच वेळात हिंडू-फिरू लागले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन बनते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना आज दिली जाणारी मुख्य गोळी या प्रयोगातून निघाली आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळाले. याच लेव्होडोपाचा आपल्याकडचा पत्ता तर त्याआधीचा: खाजकुइलीच्या, हात लावताच अंग खाजवणाऱ्या त्या वेलीच्या, बियांतून ते १९३७ मध्ये मद्रासला वेगळे काढले गेले होते.

हे वाचून कोणी सर्पगंधेची मुळी किंवा खाजकुइलीचे चूर्ण आणायला निघू नये. मुळीत औषध किती आहे, हे प्रत्येक झाडागणिक बदलते, आणि खिन्नता आणू शकणारे द्रव्य आधीच खचलेल्या माणसाच्या पोटात मोजमापाविना जाणे धोक्याचे आहे. गोष्ट सांगायची ती यासाठी, की एकच रसायन कमी-जास्त झाले तर काय होते, हे तिच्यातून लख्ख दिसते. डोपामिन बनवणाऱ्या पेशी झिजल्या की हात थरथरतो, पाऊल अडखळते, चेहरा गोठतो. ते भरून काढायला लेव्होडोपा जास्त झाले, तर नसलेली माणसे दिसू लागतात. उलट स्किझोफ्रेनियात भास आणि संशय आटोक्यात ठेवणारी औषधे डोपामिनची ग्राहके अडवतात आणि प्रमाण जास्त झाले, तर त्या रुग्णाचा हात कंपवाताच्या रुग्णासारखा थरथरतो, मान ताठते. असा ताठरपणा दिसला की घरचे घाबरून गोळी बंद करतात. खरे तर डॉक्टरला दाखवून मात्रा कमी करायची, औषध बदलायचे किंवा जोडीला दुसरी गोळी द्यायची, असे तीन मार्ग असतात. स्वतःहून बंद करणे हा त्यांत बसत नाही. स्किझोफ्रेनियात औषध सोडलेल्या बहुसंख्य रुग्णांत आजार काही वर्षांच्या आत उलटतो आणि प्रत्येक उलटीनंतर रुग्ण पूर्वीच्या पायरीवर येईलच, याची खात्री राहत नाही.

अचानक सोडण्याचा सर्वांत तातडीचा धोका मात्र फेफऱ्याच्या औषधांत आहे. फेफरे, आकडी, मिरगी, फिट, नावे अनेक, आजार एकच: मेंदूतील पेशींच्या एखाद्या समूहात विजेचा अनावर कल्लोळ. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन पेशीच्या आवरणातील सोडियमची दारे आवरतात, फेनोबार्बिटॉन गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य औषध नेमाने घेतल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. औषधही महाग नाही. तरीही झटका आला की कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावायची, ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून उतारा टाकायचा, हे चालूच आहे. कांद्याने झटका थांबत नाही. तो बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतो, आणि श्रेय कांदा घेतो. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांवर झटका लांबला तर थेट रुग्णालय गाठावे, एवढे पुरते.

कांद्यापेक्षा मोठे नुकसान लग्नघरात होते. मुलीला फेफरे येते, हे सोयरिकीत सांगितले जात नाही. ती सासरी जाते ती गोळ्यांशिवाय, कारण पिशवीत गोळ्या दिसल्या तर विचारतील. लग्नाची धावपळ, जागरण, उपास आणि वर्षभर रोज मिळणारे औषध एकाएकी बंद. मेंदूला झटक्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती बनवून देता येणार नाही. औषध अचानक तुटल्यावर एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. लपवण्यामागे भीती असते ती लग्न मोडण्याची. फेफरे हे विवाहात अडसर मानणारी हिंदू विवाह कायद्यातील तरतूद संसदेने १९९९ मध्येच काढून टाकली आहे. कायदा पंचवीस वर्षांपूर्वी बदलला, बैठकीतले प्रश्न मात्र तेच राहिले. सांगून जुळलेली सोयरीक आणि लपवून जुळलेली सोयरीक यांत मुलीचा जीव कुठे सुरक्षित राहील, हे आई-बापाने आणि मध्यस्थाने ठरवायचे आहे. दुसरी एक बाब डॉक्टरने सांगायची: व्हॅल्प्रोएट हे चांगले औषध असले, तरी गर्भावस्थेत घेतल्यास बाळाच्या मणक्यात आणि वाढीत दोष येऊ शकतात. म्हणून मूल हवे असल्यास आधी औषध बदलून घ्यायचे असते. दिवस गेल्याचे कळल्यावर घाबरून ते एकदम टाकून द्यायचे नसते.

सगळ्याच गोळ्या दीर्घकाळ घ्याव्यात, असाही याचा अर्थ नव्हे. ‘गोळ्यांची सवय लागते’ ही तक्रार सरसकट खोटी नाही. फक्त ती चुकीच्या गोळीवर केली जाते. नैराश्याच्या किंवा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांची नशा होत नाही, रोज थोडी जास्त घ्यावीशी वाटत नाही. नैराश्याची गोळी एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, अंगात झिणझिण्या येऊ शकतात, म्हणून ती टप्प्याटप्प्याने कमी करतात, इतकेच. सवय लावतात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपामसारख्या, लोक ज्यांना ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात त्या. त्या गाबाचा परिणाम वाढवतात, अर्ध्या तासात मन निवते आणि म्हणूनच आवडतात. काही आठवड्यांतच मेंदू तिकडे जुळवून घेतो, मग तेवढ्याच झोपेला जास्त गोळी लागते आणि सोडली तर झोप उडते, हातपाय कापतात, क्वचित झटकाही येतो. गंमत पाहा: जी गोळी महिनोन् महिने घ्यायची ती दहाव्या दिवशी सुटते आणि जी चार आठवड्यांत थांबवायची ती दहा वर्षे चालते. अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय देता येत नाही, विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. पण जुनीच चिठ्ठी दाखवून ती पुन्हा पुन्हा नेली जाते, हे औषध दुकानदारांना ठाऊक असते.

या भागात हा मुद्दा पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर काही तासांत, औसा तालुक्यातल्या किल्लारीसह लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त झाली. नऊ हजारांवर माणसे गेली. जी वाचली, त्यांतल्या अनेकांना छपराखाली झोप येईना. डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ तेव्हा या भूकंपग्रस्तांच्या मनाच्या प्रश्नावर काम करत होते. अशा प्रसंगी पहिली इच्छा होते ती झोपेची गोळी देण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात किंवा माणूस गेल्याच्या दुःखावर या गोळ्या देऊ नयेत. दुःख हा आजार नाही. त्याला माणसे लागतात, निवारा लागतो, काम लागते. पण महिने उलटले तरी माणूस उठत नसेल, जेवत नसेल, जगणे नको म्हणत असेल, तर तो आजार असतो आणि तिथे ‘सगळ्यांचंच गेलंय, तुझं एकट्याचं नाही’ हे उत्तर नव्हे. सीमारेषा ओळखणे हेच डॉक्टरचे काम.

बायपोलर आजारातील लिथियमचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण इथल्या उन्हाळ्याशी त्याचा थेट संबंध आहे. लिथियम हे मिठासारखे साधे क्षार. मन उधाणणे आणि खचणे या दोन्ही टोकांना ते आवर घालते आणि आत्महत्येचा धोका कमी करते. पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे, म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. एप्रिल-मेच्या उन्हात रानात दिवसभर राबणे, जुलाब-उलट्या, निर्जळी उपास, रोजे, या सगळ्यांत ते चढू शकते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही तेच करते. हात जोरात कापू लागले, बोलणे अडखळले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उपास किंवा रोजे सुरू होण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

मग थांबायचे कधी? याचे एकच उत्तर नाही, पण ढोबळ हिशेब आहे. नैराश्याच्या पहिल्या खेपेत पूर्ण बरे वाटू लागल्यापासून किमान सहा महिने. फेफऱ्यात एकही झटका न येता किमान दोन वर्षे गेल्यावर थांबवण्याचा विचार करता येतो. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये मुदत त्याहून मोठी, काहींना कायमची. रक्तदाबाची गोळी कायमची घ्यायला कोणी लाजत नाही. डोक्याच्या गोळीला मात्र ‘वेड्याची गोळी’ म्हणतात, आणि ती लपवून घेतली जाते, मग विसरली जाते.

तरीही सगळा दोष अज्ञानावर ढकलणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१६ मध्ये दाखवले, की आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ज्यांच्यापर्यंत पोहोचतात, त्यांनाही दर महिन्याला एक दिवसाची मजुरी, बसचे भाडे आणि सोबतच्या माणसाचा दिवस मोजावा लागतो. एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, मजुरी बुडते ती अर्धी बुडत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. अत्यावश्यक यादीतील मनोविकारांची औषधे सामूहिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मोफत आणि सर्वकाळ मिळाली पाहिजेत, असे त्यात लिहिले आहे. ‘सर्वकाळ’ हा शब्द कायद्याने उगाच घातलेला नाही. साठा पंधरा दिवस संपला, तर मधुमेहाचा रुग्ण निदान दुकानातून गोळी आणतो. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण, आपण आजारीच नाही असे ज्याला वाटते, तो पंधरा दिवसांनी पुन्हा येत नाही. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत निदान आणि औषधाची आखणी व्हावी, दर महिन्याच्या गोळ्या मात्र औसा, निलंगा, उदगीरला मिळाव्यात आणि पुढची तारीख चुकली तर आशा सेविकेने दार ठोठवावे, एवढी साधी व्यवस्था आहे. क्षयरोगाच्या औषधांसाठी ती कित्येक वर्षे चालली आहे. मेंदूच्या औषधांसाठी ती उभी करायला नवे शास्त्र लागणार नाही. साठ्याच्या वहीकडे जिल्हा परिषदेने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी दर महिन्याला पाहावे लागेल.

तोवर घरच्यांनी एवढे करता येईल: पाकिटात आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या गोळ्यांची सोय करावी, जुनी चिठ्ठी जपून ठेवावी, आणि लातूरला जाणे जमत नसेल तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.